पळसाचा झेंडा आणि कागदाचा बडग्या

भिंतीला चिकटपट्टीनं चिकटवलेलं एक केळं नोव्हेंबर २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरना गेलं आणि आमच्याकडच्या शहाण्यासुरत्या मंडळींच्या हाती आयतं कोलीत मिळालं. ‘बघा तुमची समकालीन कला!’ त्यांचे आक्षेप तीन. हे कुणीही करील. यात सौंदर्य नाही. आणि सगळ्यात वरच्या पट्टीत मांडला जाणारा तिसरा असा की, हे परदेशी खूळ आहे, आपल्या पांढुर्ण्या-सौंसरच्या माणसाला त्याचं काय? त्यापेक्षा आपली गोंड चित्रं पाहा, वारली पाहा; ती खरी, पिढ्यान्‌पिढ्यांची कला.

कुणीही करील, हे कबूल. केलं मात्र मॉरिझियो कातेलान या कलावंतानं, तेही २०१९मध्ये मायामीच्या कलाजत्रेत, म्हणजे असल्या वस्तूंचे भाव जिथं ठरतात त्याच मांडवात. केळं त्या भावांचीच टर उडवत होतं. मला स्वतःला ती थट्टा फार खोल वाटत नाही. एकदा हसलं की संपली. पण ती आपल्याला कळणार नाही असं निदान या भागात तरी कुणी म्हणू नये. बागेतल्या उभ्या संत्र्याचा सौदा होतो तेव्हा व्यापाऱ्याचं अर्धं लक्ष झाडावर आणि अर्धं नागपूरच्या बाजारावर असतं. झाडं तीच, गोडी तीच, तरी एखाद्या साली अख्खा बहार मातीमोल होतो. फळाची किंमत फळात नसते हे ज्यानं सोसलंय, त्याला केळ्याचा विनोद समजावून सांगायला समीक्षक लागत नाही.

सौंदर्याबद्दल एवढंच सांगतो, की वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. आकृती नाही, गोष्ट नाही, नुसता रंगाच्या थरांतून वर येणारा उजेड, अशी त्यांची चित्रं. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. ती चित्रं पाहून ‘सौंदर्य नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात हशील नाही.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र थांबायला हवं, कारण त्यात पुरावा म्हणून जे पुढं केलं जातं तेच त्याच्यावर उलटतं. आज दुकानादुकानांत ‘प्राचीन गोंड चित्रकला’ म्हणून विकली जाते ती प्राचीन नाही. भिंती लिंपणं, त्यांवर मातीचे उठाव काढणं जुनंच. पण कागदावरचं आणि कॅनव्हासवरचं ते चित्र, आकृतीच्या अंगभर बारीक ठिपक्यांच्या आणि रेघांच्या रांगा चालवणारं, जनगढसिंह श्याम या एका माणसापासून सुरू झालं. भोपाळचं भारत भवन १९८२मध्ये उघडलं. त्याच्या तयारीच्या काळात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण चित्रकारांना खेड्यापाड्यांत धाडलं होतं. मंडल्याकडच्या पाटनगढात त्यांना विशीच्या आसपासचा जनगढ सापडला. तो परधान, म्हणजे बाना वाजवून गोंडांच्या देवांची गाणी गाणाऱ्यांतला. गाण्यातल्या देवांना त्यानं बाजारच्या रंगांत उभं केलं. त्या देवांना तसा चेहरा आधी कुणी दिला नव्हता. वारलीचंही तेच. लग्नाचा चौक बायका लिहीत. कागदावर रोजचं जगणं मांडणारे जिव्या सोमा म्हसे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. १९८९मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात हे दोघंही जगभरच्या तत्कालीन कलावंतांच्या ओळीत होते. म्हणजे ज्यांचं नाव घेऊन समकालीन कलेला झोडपायचं, ते स्वतःच समकालीन कलावंत! आपण त्यांना ‘परंपरा’ म्हणून देव्हाऱ्यात बसवलं, कारण परंपरेला प्रश्न विचारावे लागत नाहीत.

मग समकालीन म्हणायचं कशाला? माझं उत्तर नागपूरच्या रस्त्यावर दरवर्षी तान्ह्या पोळ्याला चालत जातं. काळी आणि पिवळी मारबत निघते, आणि तिच्यासोबत बडगे नावाचे पुतळे. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, चिंध्या, जुने कपडे, गळ्यात पाटी. मारबतीनं रोगराई, ईडापीडा घेऊन जावं, ही जुनी श्रद्धा. बडग्या मात्र दरसाल नवा. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी कोरोना, कधी एखादा पुढारी. करणाऱ्याला ठाऊक असतं की संध्याकाळपर्यंत याची राख होणार, तरी पुढाऱ्याचं नाक बरोबर जमेपर्यंत तो कागद पुन्हापुन्हा भिजवतो. विकायचं नाही, जपायचं नाही, आज जे खुपतंय त्याला आजच हातापायांचं रूप देऊन लोकांसमोर उभं करायचं. समकालीन कलेकडून मी याहून जास्त काही मागत नाही, आणि याहून कमीवर राजीही नाही.

इथं एक खवचट प्रश्न येतो. त्याच दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचा झेंडा, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. मग हीसुद्धा कलाच की! मरिना अब्रामोविच या कलावतीनं १९७४मध्ये ‘हवं ते करा’ म्हणून स्वतःला प्रेक्षकांच्या हवाली केलं, ती कला. मग आमची डोकी फुटतात ते काय?

नाही, ती कला नव्हे. गोटमारीत दगड म्हणजे दगडच. अब्रामोविचनं तो प्रसंग मांडला होता, माणसं कुठवर जातात ते माणसांनाच दिसावं म्हणून. गोटमारीत कुणी कुणाला काही दाखवत नाही. माणसं जखमी होतात, काही जिवानिशी गेलीत, आणि पुढच्या साली पुन्हा झेंडा रोवला जातो. प्रशासनानं एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. नकळत त्यांनी लोकांना गोटमारीचं नाटक करायला सुचवलं होतं. लोकांनी चेंडू टाकले आणि दगड उचलले. नाटक आणि मारामारी यांतला फरक त्यांना चांगलाच कळत होता, म्हणूनच.

उद्या पांढुर्ण्यातल्या एखाद्या पोरानं गोटमारीचाच बडग्या केला, फुटक्या डोक्याचा, गळ्यात पाटी अडकवलेला, आणि ऐन तान्ह्या पोळ्याला तो नदीकडे मिरवत नेला, तर त्याला मी बेधडक समकालीन कलावंत म्हणेन. पहिला दगड कदाचित त्या बडग्यावरच पडेल, आणि तोही दोन्ही काठांवरून.