आसियान करार आणि तेलबियांचा शेतकरी

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पामतेलावरील आयात शुल्क ४४ टक्क्यांवर आणि शुद्ध केलेल्या पामतेलावरील शुल्क ५४ टक्क्यांवर नेले. देशातील तेलबिया उत्पादकाच्या पदरी चार पैसे अधिक पडावेत, हा त्यामागील स्वच्छ हेतू होता. पण वर्षही उलटले नाही तोच, १ जानेवारी २०१९ रोजी, हे दर अनुक्रमे ४० आणि ५० टक्क्यांवर उतरवावे लागले. मलेशियाहून येणाऱ्या शुद्ध तेलावर तर ४५ टक्केच शुल्क उरले. ही मागणी शेतकऱ्याची नव्हती, ग्राहकाचीही नव्हती. १३ ऑगस्ट २००९ रोजी बँकॉकमध्ये स्वाक्षरी झालेला आसियान करार आणि २०११ मध्ये लागू झालेला मलेशियाबरोबरचा स्वतंत्र करार यांच्या वेळापत्रकाचे ते बंधन होते.

कच्च्या आणि शुद्ध तेलाच्या शुल्कातील अंतर मलेशियापुरते पाच टक्क्यांवर आले. कच्चे तेल आणून येथे शुद्ध करण्यापेक्षा तयार तेल उतरवणेच व्यापाऱ्याला परवडू लागले आणि त्याची आयात झपाट्याने वाढली. मग सप्टेंबर २०१९ मध्ये मलेशियाच्या शुद्ध तेलावर पाच टक्के जादा शुल्क, जानेवारी २०२० मध्ये शुद्ध पामतेल प्रतिबंधित सूचीत, अशी धावपळ झाली. दार सताड उघडून खिडक्यांना कड्या लावण्याचाच हा प्रकार!

आश्चर्य असे की, ज्या जागतिक व्यापार संघटनेवर स्वदेशीच्या कार्यकर्त्यांनी इतकी टीका केली, तिने पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क आकारण्याचा भारताचा अधिकार मान्य केलेला आहे. तेथे राखलेला हा अधिकार आसियान करारात सोडून देण्यात आला. कमाल मर्यादा ठरली कच्च्या तेलाला साडेसदतीस आणि शुद्ध तेलाला ४५ टक्के.

१९८६ च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानाने देशाला नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण केले होते. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली आणि १९९८ पर्यंत शुल्क ६५ वरून १५ टक्क्यांवर घसरले. त्यानंतर देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येऊ लागले. या परावलंबनाची किंमत एप्रिल २०२२ मध्ये कळली. इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली आणि येथील बाजार हादरला. करार भारताचे शुल्क बांधतो. विकणाऱ्याला दार लावून घेण्यापासून मात्र रोखत नाही.

तरीही सारा दोष करारावर ढकलणे अप्रामाणिक ठरेल. २०२१ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावर आणले गेले, मे २०२५ मध्ये ते २० वरून १० टक्के झाले. हे दोन्ही निर्णय दिल्लीचेच होते. सणाच्या तोंडावर तेलाचा डबा महागला की शहरी मध्यमवर्ग कुरकुरतो आणि सरकार शुल्क उतरवते. त्याच काळात लातूरच्या बाजारात सोयाबीनचे काय होते, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. २०२४ च्या खरिपात हमीभाव ४,८९२ रुपये असताना मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्याने त्याहून कितीतरी कमी दराने माल विकला.

आसियान कराराचे पुनरावलोकन २०२५ पर्यंत पूर्ण करण्याचे ऑगस्ट २०२३ मध्ये ठरले होते. त्या पटलावर भारताने अटींची डागडुजी न मागता पामतेलासह संपूर्ण कृषिविभाग कराराबाहेर काढण्याची मागणी ठेवणे आवश्यक आहे. मलेशियाबरोबरच्या करारालाही तोच न्याय हवा. आग्नेय आशियातील आपली औद्योगिक निर्यात त्यामुळे अडचणीत येईल, ही शंका निरर्थक नाही. पण २०१० नंतर या देशांबरोबरची आपली व्यापारी तूट मोठ्या प्रमाणात वाढली आहे. दुरावण्याची भीती त्यांनाही असणार. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी याच बँकॉकमध्ये भारताने आरसेप करारातून अंग काढून घेतले, तेव्हा आकाश कोसळले नाही. शुल्काचा अधिकार परत आल्यावर तो मंत्रालयाच्या मर्जीवर न सोडता कायद्याने हमीभावाशी जोडावा: बाजारभाव हमीभावाखाली गेला की शुल्क आपोआप वाढावे, आणि ही घोषणा पेरणीपूर्वी, जूनमध्ये व्हावी.