हप्ता आधी दिला, मदत कुठे दिली?

करोनाची टाळेबंदी लागताच, २६ मार्च २०२० रोजी, केंद्राने ८.७ कोटी शेतकऱ्यांना एप्रिलमध्ये दोन हजार रुपये देण्याची घोषणा मदतीच्या पॅकेजमध्ये केली. हा पीएम-किसान योजनेच्या वार्षिक सहा हजारांतला ठरलेलाच हप्ता. फक्त लवकर दिलेला. तो करोना पॅकेजमध्ये मोजणे आम्हाला मान्य नाही. त्याच दिवसांत नाशिक-सांगलीकडे द्राक्षे वेलीवर होती, व्यापारी फिरकत नव्हते, बागायतदार मिळेल त्या भावाने माल विकत होते, नाहीतर बेदाण्याला टाकत होते. एकरी लाखांनी खर्च करणाऱ्याला दोन हजारांत फवारणीचे औषधही धड येत नाही. खंडाने जमीन कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर मालक म्हणून नसते, त्यामुळे त्याला तेवढेही नाहीत. बागांचे पंचनामे करून, प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या हाती भरपाई द्यायला हवी होती.