सामायिक नियम आणि झाडीचे ‘पानी’

प्रमाणलेखनाचे अभिमानी आम्हांस नेहमी बजावतात की, अपवाद मान्य केले की अराजक माजते. ज्यांच्या लेखनात एका चिन्हाने खरोखरच सारा डोलारा कोसळू शकतो, त्या संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे त्यांनी एकवार पाहावे.

जावास्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्यांना २०१३ पासून ‘ईएसलिंट’ नावाचे साधन उपलब्ध आहे. आज्ञावली न चालवता, नुसती वाचून ते दोष दाखवते. अनेक प्रकल्पांसाठी नियमांची एकच सामायिक फाइल ठेवता येते. प्रत्येक प्रकल्प ती वारशाने घेतो. पण हा वारस मुका नसतो. प्रत्येक नियमाच्या तीन पायऱ्या आहेत : बंद, इशारा, चूक. ही पायरी प्रकल्पाला आपल्यापुरती बदलता येते. एखाद्या ओळीपुरता नियम थांबवून शेजारी कारणही लिहिता येते.

मराठीची सामायिक फाइल म्हणजे साहित्य महामंडळाचे नियम : १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चारानुसार लिहिण्याची मुभा त्यांत आहे. म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या कथेतले पात्र ‘पानी’ म्हणू शकते. निवेदकाने मात्र ‘पाणी’च म्हणायचे. पात्र झाडीचे आणि कथा सांगणारा सदाशिव पेठेतला!

वास्तविक ‘पानी’ हा गबाळेपणा नव्हे. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ नियमाने येतो. ‘डोळा’ तिथे ‘डोरा’ असतो. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने या बोलीसाठी एवढे श्रम घेतल्यावरही तिला अशुद्ध म्हणणे हे अज्ञान नव्हे, आडमुठेपणा आहे. (माडिया आणि गोंडी तर द्राविड कुळातल्या, त्या आमच्या फाइलीच्या वारसच नव्हेत. त्यांना मराठीची फुटपट्टी लावणाऱ्यांविषयी न बोललेले बरे.)

शासकीय पत्रात, पाठ्यपुस्तकात ‘पाणी’च असावे, याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती आमच्या तांबड्या रेघेला. उत्तरपत्रिका तपासताना ‘पानी’खाली ती आम्हीही ओढली आहे. त्या रेघेला एकच पायरी ठाऊक असते : चूक.

आमची मागणी साधी आहे. लेखकाने आरंभी एका ओळीत नोंदवावे : ‘बोली झाडी, ण आणि ळ यांचे नियम येथे बंद.’ मग परीक्षकाने आणि संपादकाने त्या घोषणेप्रमाणेच लेखन तपासावे. पुढे निवेदनात कुठे ‘पाणी’ आढळले, तर त्याखाली तांबडी रेघ अवश्य ओढावी.