५० राज्यं, ५० हाफ मॅरेथॉन: अमेरिकेतल्या या वेडामागचं गणित काय आहे?

डेट्रॉइटची आंतरराष्ट्रीय हाफ मॅरेथॉन धावायची असेल तर टी-शर्टच्या साइझसोबत आणखी एक गोष्ट विचारली जाते. पासपोर्ट.

कारण ही शर्यत सुरू होते अमेरिकेत, मग अँबॅसेडर पुलावरून नदी ओलांडून कॅनडातल्या विंडसर शहरात जाते आणि परत येताना नदीखालच्या बोगद्यातून पुन्हा अमेरिकेत शिरते. कॅनडात जेमतेम काही किलोमीटर धावायचं असतं. पण भारतीय पासपोर्टवर अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आणि अजून ग्रीन कार्ड न मिळालेल्या माणसाला तेवढ्यासाठीही कॅनडाचा व्हिसा लागतो. ज्यांना ही कटकट नको, त्यांच्यासाठी आयोजक अमेरिकेच्या हद्दीतच संपणारी वेगळी हाफ मॅरेथॉनही घेतात.

आता प्रश्न असा की, एवढा व्याप करून डेट्रॉइटलाच कशाला जायचं? तर यादीत मिशिगन राज्यावर टिक करायची असते म्हणून.

अमेरिकेतल्या ५० पैकी प्रत्येक राज्यात किमान एक हाफ मॅरेथॉन धावायची, असं ठरवून वर्षानुवर्षं त्यामागे लागलेले लोक तिथे बरेच आहेत. त्यांच्यासाठी क्लब आहेत, नियम आहेत, शर्यतींच्या खास मालिका आहेत. आणि या छंदाच्या भोवती बऱ्यापैकी मोठं अर्थकारणही उभं राहिलं आहे.

नेमकं करायचं काय असतं?

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, अमेरिकन भाषेत १३.१ मैल. हे अंतर ऑलिम्पिकमध्ये नाही. ५० राज्यं पूर्ण केल्यावर बक्षिसाची रक्कम मिळत नाही. वेळेचंही फारसं बंधन नाही. दीड तासात पळा, नाहीतर चालत-पळत साडेतीन तास घ्या, राज्य मोजलं जातं.

मुळात ही कल्पना पूर्ण मॅरेथॉनवाल्यांची. त्यांचा ‘५० स्टेट्स मॅरेथॉन क्लब’ जुना आहे आणि सदस्य व्हायचं तर आधी किमान १० राज्यांत ४२ किलोमीटर धावून यावं लागतं. २००६ मध्ये डीन कार्नेझिस या अमेरिकन धावपटूने ५० दिवसांत ५० राज्यांत ५० मॅरेथॉन धावून दाखवल्या आणि हा विषय धावपटूंच्या वर्तुळाबाहेरही चर्चेत आला. हाफवाल्यांनी पुढे आपला वेगळा क्लब काढला.

नियम तसे सरळ आहेत. घराजवळ धावून अॅपवर नोंद करायची अशी ‘व्हर्च्युअल’ शर्यत चालत नाही. एखादी शर्यत दोन राज्यांतून जात असेल तर तिच्यावर दोन टिक करता येत नाहीत. सिनसिनाटीची ‘फ्लाइंग पिग’ ओहायोतून नदी ओलांडून केंटकीत जाऊन येते, पण हिशेबात राज्य एकच. एका दगडात दोन पक्षी नाहीत.

मग पूर्ण मॅरेथॉन सोडून हाफच का?

साधं उत्तर म्हणजे शरीर. पूर्ण मॅरेथॉननंतर सावरायला कित्येक आठवडे जातात. हाफ रविवारी धावून सोमवारी ऑफिसला जाता येतं, फार तर जिना उतरताना थोडं कण्हावं लागतं. वर्षाला चार-पाच राज्यं या वेगाने गेलं तर दहा-बारा वर्षांत नकाशा पूर्ण होतो. नोकरी, मुलं, घराचे हप्ते सांभाळणाऱ्या माणसाला हे झेपणारं आहे.

आकडेही हेच सांगतात. ‘रनिंग यूएसए’ या संस्थेच्या नोंदींनुसार २००० मध्ये अमेरिकेत हाफ मॅरेथॉन पूर्ण करणारे ५ लाखांच्या आत होते. २०१४ मध्ये तो आकडा २० लाखांवर गेला. त्याच वर्षी पूर्ण मॅरेथॉन पूर्ण करणारे साडेपाच लाखांच्या आसपास होते.

ही वाढ कुणामुळे झाली, हे जास्त महत्त्वाचं आहे. २०१४ मध्ये हाफ पूर्ण करणाऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के महिला होत्या. १९७२ पर्यंत ज्या देशात बोस्टन मॅरेथॉनमध्ये महिलांना अधिकृत प्रवेशच नव्हता, त्या देशातली ही गोष्ट आहे. ऑलिम्पिकमध्ये महिलांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ उजाडलं. ती पहिली शर्यत लॉस एंजेलिसला झाली आणि मेन राज्याच्या जोन बेनॉइटने जिंकली. म्हणजे आज ५० राज्यांच्या मागे लागलेल्या साठीतल्या बाईने तिच्या शाळकरी वयात ‘बायकांना एवढं अंतर झेपत नाही’ हे ऐकलेलं असणार. तिच्यासाठी हा नकाशा म्हणजे नुसता टाइमपास नसावा.

त्यात १९९८ मध्ये सॅन डिएगोत सुरू झालेल्या ‘रॉक अँड रोल’ मालिकेने रस्त्याच्या कडेला बँड उभे केले, डिस्नेने आपल्या थीम पार्कमधून शर्यती काढल्या. धावणं हा जत्रेसारखा प्रकार झाला. इंडियानापोलिसच्या हाफमध्ये तर जगप्रसिद्ध मोटर रेसिंग ट्रॅकवर पूर्ण एक फेरी मारायला मिळते आणि लुइव्हिलची हाफ घोड्यांच्या शर्यतीच्या चर्चिल डाउन्स मैदानातून जाते. फिरायला जायचंच आहे तर पळून येऊ, असा हा हिशेब.

नकाशा सोपा नाही

५० राज्यं म्हटली तरी सगळी सारखी नाहीत. र्‍होड आयलंड साधारण आपल्या गोव्याएवढं. ईशान्येकडची सहा छोटी राज्यं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की शनिवारी एका राज्यात आणि रविवारी दुसऱ्यात धावता येतं. दुसरीकडे एकटं अलास्का महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं. तिथे आणि हवाईला जायचं तर बाकीच्या राज्यांतून विमानाशिवाय सोयीचा पर्याय नाही. अँकरेजची शर्यत जूनमध्ये असते, मध्यरात्रीपर्यंत उजेड असतो त्या दिवसांत. होनोलुलूची ‘हापालुआ’ हाफ एप्रिलमध्ये. या दोन टिक बहुतेकांच्या यादीत सगळ्यात महागड्या ठरतात.

मधली विरळ वस्तीची राज्यं ही वेगळीच अडचण. वायोमिंगची लोकसंख्या ६ लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहराची याच्या दुपटीहून जास्त होती. अशा ठिकाणी शर्यती मोजक्याच. एखादी चुकली तर पुढच्या वर्षाची वाट बघा.

याच गरजेतून ‘मेनली मॅरेथॉन्स’सारखे आयोजक उभे राहिले. शेजारशेजारच्या राज्यांत रोज एक याप्रमाणे सलग काही दिवस ते शर्यती घेतात. बऱ्याचदा मार्ग म्हणजे एखाद्या बागेतला छोटा पट्टा, त्यावरच पुन्हा पुन्हा जायचं-यायचं. चालणाऱ्यांनाही मज्जाव नाही. सकाळी धावा, दुपारी गाडी हाणत पुढच्या राज्यात पोहोचा, रात्री झोपा, सकाळी पुन्हा धावा. एका आठवड्यात पाच-सहा राज्यं पदरात पडतात. बागेत येरझाऱ्या घालून ‘आम्ही हे राज्य केलं’ म्हणणं काहींना पटत नाही. पण सत्तरीतला माणूस आठवडाभर रोज २१ किलोमीटर चालतोय, तर त्याला नावं ठेवणाऱ्याने आधी एक दिवस तेवढं चालून बघावं.

पैसे किती लागतात?

अमेरिकेत हाफ मॅरेथॉनची फी साधारण १०० डॉलरच्या घरात धरू. छोट्या गावात कमी, मोठ्या शहरात जास्त. प्रवास, दोन रात्रींचं हॉटेल आणि जेवणखाण यांचे सरासरी ५०० डॉलर धरले तर एका राज्याचे ६०० होतात. ५० राज्यांचे ३० हजार डॉलर, म्हणजे २५ लाख रुपयांच्या पुढे. हा फक्त ढोबळ अंदाज आहे. मित्राच्या गाडीतून जाऊन तंबूत राहणाऱ्याचं निम्म्यात भागेल, कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याचा आकडा दुप्पट होईल.

म्हणजे ‘धावायला काय लागतं, एक जोडी बूट’ हे वाक्य इथे लागू होत नाही. हा बऱ्यापैकी खात्यापित्या घरचा छंद आहे.

पण याला दुसरी बाजू आहे. शर्यत भरवणाऱ्याचा बराचसा खर्च धावपटूंच्या संख्येवर ठरत नाही. रस्ता बंद करायचा तर पोलीस हवेत, रुग्णवाहिका हवी, विमा हवा, वेळ मोजणारी यंत्रणा हवी. मग ५०० जण येवोत की ५,०००. त्यामुळे मोठ्या शहरांच्या शर्यतींत प्रवेश मिळवायला झुंबड आणि लहान गावाच्या शर्यतीला हातातोंडाची गाठ, असं चित्र दिसतं. २०२० मध्ये कोरोनाने शर्यती बंद पडल्या, त्याचा फटका अर्थातच लहानांना सोसणं जास्त कठीण होतं. अशा वेळी नॉर्थ डाकोटातल्या एखाद्या शर्यतीला फ्लोरिडाहून माणूस येतो, तो फक्त त्याच्या यादीत नॉर्थ डाकोटा उरलंय म्हणून. त्या गावातल्या मोटेलला आणि हॉटेलवाल्याला असं गिऱ्हाईक दुसऱ्या कुठल्या कारणाने मिळालं नसतं.

पण हृदयाचं काय?

शर्यतीत धावताना कुणीतरी कोसळलं, अशी बातमी आली की व्हॉट्सअॅपवर ‘जास्त पळणं धोक्याचं’ असे मेसेज फिरायला लागतात. याबद्दल अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले आहेत.

पहिल्यात २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनचे १ कोटी ९ लाख धावपटू मोजले होते. त्यात ५९ जणांचं हृदय शर्यतीदरम्यान बंद पडलं. दुसरा अभ्यास २०२५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०१० ते २०२३ या काळात शर्यत पूर्ण करणारे २ कोटी ९३ लाख आणि हृदय बंद पडल्याच्या घटना १७६. म्हणजे दोन्ही वेळा प्रमाण लाखाला एकापेक्षा कमीच, आणि जवळपास सारखंच. हाफमध्ये हा धोका पूर्ण मॅरेथॉनच्या निम्म्याहून कमी दिसला. पुरुषांमध्ये तो महिलांपेक्षा कितीतरी जास्त.

खरी बातमी पुढे आहे. पहिल्या अभ्यासात अशा कोसळलेल्यांपैकी ७१ टक्के दगावले होते. दुसऱ्यात हे प्रमाण ३४ टक्क्यांवर आलं. घटना कमी झाल्या नाहीत, मृत्यू मात्र निम्म्यावर आले. याचं श्रेय संशोधकांनी प्रामुख्याने मार्गावर लगेच मिळणाऱ्या सीपीआरला, म्हणजे छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवण्याला, आणि हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या एईडी यंत्राला दिलं आहे.

५० राज्यांच्या छंदात नेमकी इथेच मेख आहे. ५० शर्यती म्हणजे जवळपास ५० वेगळे आयोजक. मोठ्या शहरात दर थोड्या अंतरावर वैद्यकीय पथक असतं. आडगावातल्या शर्यतीत तेवढं असेलच असं नाही, आणि नाव नोंदवताना लोक मेडल कसं आहे ते बघतात, एईडी किती आहेत ते विचारत नाहीत.

दुसरी भीती आकडेवारीत दिसत नाही. विमानाचं तिकीट काढलंय, हॉटेलचे पैसे गेलेत, फी परत मिळणार नाही आणि आदल्या रात्री अंगात ताप भरलाय. घरच्या गावची शर्यत असती तर माणूस पांघरूण घेऊन झोपला असता. तीन हजार किलोमीटर लांब आल्यावर तो गोळी घेऊन उभा राहतो. तापात जोरदार व्यायाम करू नका, विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर जिवावर बेतू शकतं, असं डॉक्टर वारंवार सांगतात. यादी पूर्ण करायच्या नादात हा सल्ला सगळ्यात आधी विसरला जातो.

हे आपल्यालाही लांबचं नाही. जानेवारी २०२४ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दोन धावपटूंचा मृत्यू झाला होता.

भारतात असं करता येईल?

अमेरिकेतल्या भारतीयांना शर्यतींची ओळख अनेकदा ‘टीम आशा’सारख्या गटांतून होते. भारतातल्या शिक्षणासाठी निधी उभारणाऱ्या ‘आशा फॉर एज्युकेशन’चा हा उपक्रम. धावण्याचं प्रशिक्षण घ्या, हाफ किंवा पूर्ण मॅरेथॉन धावा आणि त्यासोबत देणग्या गोळा करा.

भारतात राज्यं २८. सी लिंकवरून जाणारी मुंबईची हाफ, पावसाळ्यात यवतेश्वर घाट चढायला लावणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन, ऑक्टोबरातली दिल्लीची, मेघालयात सोहराची. महाराष्ट्रावर टिक करणं सोपं, उलट निवड करणं अवघड. २०२३ पासून अरुणाचलात तवांगलाही मॅरेथॉन होते, साधारण १० हजार फुटांवर. तिथे हवा विरळ असते, त्यामुळे दोन-तीन दिवस आधी पोहोचून शरीराला सवय होऊ द्यावी लागते. शिवाय अरुणाचल, नागालँड, मिझोरम आणि मणिपूर या चार राज्यांत बाहेरच्या भारतीय नागरिकांना इनर लाइन परमिट काढावं लागतं. डेट्रॉइटला पासपोर्ट, तसं इथे हे. अरुणाचलचं परमिट ऑनलाइन मिळतं, पण विमानाचं तिकीट आणि शर्यतीची फी भरून झाल्यावर ते आठवणारेही असतात.