कापायला एक क्षण, परत द्यायला अर्ज!

आयकराची संगणक यंत्रणा जुनी झाली, ती आधुनिक करायची, असे सरकार पुन्हा सांगते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यासाठी 'आयईसी ३.०' प्रकल्प जाहीर झाला. आधीचे आधुनिकीकरण आम्ही विसरलेलो नाही. ४,२४२ कोटींच्या मंजूर प्रकल्पातले, इन्फोसिसने बांधलेले पोर्टल ७ जून २०२१ ला सुरू झाले. ते इतके अडखळले की ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी कंपनीच्या प्रमुखाला बोलावून जाब विचारला. तेव्हा ओरड झाली ती सीए आणि व्यापाऱ्यांच्या त्रासाची. चाकणच्या कंत्राटी कामगाराचा त्रास कोणी मोजलाच नाही.

'तो आयकर भरतच नाही, त्याला पोर्टलशी काय देणेघेणे?' असे आपल्यातलेही काही सुशिक्षित विचारतात. उत्तर पीएफमध्ये आहे. महाळुंगे, निघोजे, कुरुळीत ठेकेदार बदलतो, काम सुटते, घर चालवायला पीएफ काढावा लागतो. पाच वर्षे सलग सेवा नसेल आणि रक्कम ५० हजार किंवा जास्त असेल, तर १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन नसेल किंवा निष्क्रिय असेल, तर २० टक्के. म्हणजे ६० हजारांतले ६ हजार, नाहीतर १२ हजार गेले! १५-जी हे स्वयंघोषणापत्र दिले तर कपात टळते, पण हे त्याला सांगतो कोण?

वर्षाचा हिशेब केला तर या कामगाराचा कर बहुधा शून्य. तरीही स्वतःचेच पैसे परत मिळवायला त्याने विवरणपत्र भरायचे. पॅन-आधार जोडणी राहिली असेल, तर आधी हजार रुपये भरायचे, कारण निष्क्रिय पॅनवर परतावा मिळत नाही. जात सांगणारे आडनाव बदललेली घरे आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. पॅनवर एक नाव, आधारवर दुसरे. संगणक म्हणतो, जुळत नाही.

हा तंत्रज्ञानाचा मागासलेपणा नाही. कुणाचे किती कापले, हे २६-एएस मध्ये दिसते. २०२१ पासून व्याज-व्यवहारांची वार्षिक माहितीही पोर्टलवर असते. ब्रिटनमध्ये बहुतेक पगारदारांना विवरणपत्र भरावेच लागत नाही. इथे घेणारा हात संगणकाचा आणि देणारा हात कागदी घोड्यांचा, हे धोरण आहे. कराचा भार कुणावर पडतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२५ च्या प्रांतिक वित्तावरील ग्रंथातही हाताळला होता. आम्ही तोच विचारतो आहोत.

आमच्या मागण्या:

१. करपात्र उत्पन्न नसलेल्याचा टीडीएस, मराठीत संदेश पाठवून व त्याची संमती घेऊन, अर्जाविना खात्यात परत करा.

२. नावातील तफावत मोफत दुरुस्त करा, त्यासाठी एमआयडीसीत शिबिरे घ्या. हजार रुपयांची वसुली बंद करा.

३. पोर्टल बंद पडले, तर त्या काळाचे विलंब शुल्क करदात्यावर लादू नका.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी रविवारी विहारात लॅपटॉप घेऊन बसावे. कामगारांचे २६-एएस उघडावे, विवरणपत्र भरून द्यावे. पोर्टलवर त्याला एक रुपयाही लागत नाही. मुदत उलटली असेल, तरी पाच वर्षांच्या आत विलंबमाफीचा अर्ज करता येतो. हे दान नाही, आपल्या घामाची वसुली आहे.

जय भीम!