गळ्यातलं फुलपाखरू



आरशासमोर उभे राहा. हनुवटी जरा वर करा आणि पाण्याचा एक घोट घ्या. गिळताना गळ्यात काहीतरी वर-खाली झालेलं दिसलं ना? तिथेच, कंठमण्याच्या थोडं खाली, श्वासनलिकेला बिलगून एक ग्रंथी असते. आकार थेट पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा! मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, डॉक्टर म्हणतात थायरॉईड. मोठ्या माणसातही तिचं वजन साधारण २० ग्रॅमच.

पण काम केवढं! अन्नातल्या आयोडीनपासून ती थायरॉक्झिन नावाचं संप्रेरक बनवते आणि रक्तात सोडते. शरीराचं काम किती वेगाने चालावं, हे त्यावर ठरतं. चुलीची आच जशी लहान-मोठी करतात, तसंच. आच योग्य असेल तर सगळं झकास! पण ती भलतीच मोठी झाली तर? त्या आजाराला म्हणतात हायपरथायरॉईडिझम.

मुलांमध्ये तो बहुतेक वेळा ग्रेव्ह्ज आजारामुळे होतो. डब्लिनचे डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. जंतूंशी लढणारी आपली प्रतिद्रव्यं यात चुकून अवटू ग्रंथीलाच डिवचत राहतात. मग ती थांबायचं नावच घेत नाही. हा आजार मुलींमध्ये जास्त दिसतो, पण तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही बरं का!

ओळखायचं कसं?

१. भूक वाढते, पण वजन घटतं.
२. शांत बसलं तरी छातीत धडधडतं.
३. इतरांना गार वाटत असतानाही घाम येतो, उकडतं.
४. हात थरथरतात, अक्षर बिघडतं.
५. झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, धड्यात लक्ष लागत नाही.
६. गळ्याचा पुढचा भाग सुजल्यासारखा किंवा डोळे वटारल्यासारखे दिसतात.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे आजार झालाच असं मुळीच नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाच्या छातीत धडधडत नाही? पण दोन-तीन खुणा एकदम दिसल्या आणि आठवडेच्या आठवडे टिकल्या, तर घरी सांगायलाच हवं.

गंमत नाही, पण या आजाराची खरी अडचण इथेच आहे. वर्गात चुळबुळ करणारा मुलगा ‘खोडकर’ ठरतो. चिडणारी मुलगी ‘हट्टी’ ठरते. गुण कमी पडले की ‘अभ्यास करत नाही’ म्हणून बोलणी बसतात. आजार राहतो बाजूला, आणि मूल मात्र ओरडा खातं!

मोठ्यांच्याही बाबतीत उशीर होतो. अमेरिकेची धावपटू गेल डीव्हर्स १९८८ सालापासून आजारी होती. केस गळत होते, हात थरथरत होते. पण हा ग्रेव्ह्ज आजार आहे हे कळायला १९९० साल उजाडलं. उपचार सुरू असताना तिच्या पायांची अशी अवस्था झाली, की पाय कापावे लागतात की काय अशी वेळ आली. तरी ती सावरली, पुन्हा धावली आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीचं सुवर्णपदक जिंकली. १९९६ साली अटलांटातही पुन्हा तीच पहिली!

निदान तसं सोपं आहे. रक्ताची तपासणी करतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टी.एस.एच. पाठवून अवटूला ‘काम कर’ असा हुकूम देते. अवटू आधीच जास्त काम करत असेल, तर हुकूम बंद! म्हणून या आजारात टी.एस.एच. कमी आणि थायरॉक्झिन जास्त सापडतं.

उपचारही आहेत. मुलांना सहसा आधी गोळ्या देतात. त्या ग्रंथीचा वेग कमी करतात. काही आठवड्यांत बरं वाटू लागतं, पण गोळ्या दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. तेवढ्याने भागलं नाही, तर शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन हे मार्ग असतात. त्यानंतर बहुतेकांना थायरॉक्झिनची गोळी रोज, कायमची घ्यावी लागते. पण त्यामुळे शाळा, खेळ, काहीच अडत नाही.

पालकांसाठी दोन शब्द : घरात आजी किंवा काकू ‘थायरॉईडची गोळी’ घेत असतील, तर ती मुलाला कधीही देऊ नका. ती बहुधा मंदावलेल्या ग्रंथीसाठी असते. इथे ती उलट अपाय करील. आणि कार्बिमाझोलची गोळी चालू असताना ताप आला, घसा दुखू लागला किंवा तोंडात फोड आले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. क्वचित या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून रक्त लगेच तपासावं लागतं.

आता एक गृहपाठ! पाच मिनिटं शांत बसा. मग मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. शाळकरी मुलांची नाडी साधारण ७० ते १०० च्या दरम्यान असते. आकडा वहीत लिहा. आणि शेजारच्या बाकावरचा मित्र अलीकडे फार चिडतो, डबा संपवूनही वाळत चाललाय असं दिसलं, तर त्याला चिडवू नका हं. “घरी सांगितलंस का रे?” एवढं नक्की विचारा.