सोडून गेलेल्याने गप्प बसावं?

"गेलात ना सोडून? मग आता गावाच्या नावाने उसासे कशाला?" परदेशात राहून लिहिणाऱ्या बहुतेकांनी हे ऐकलेलं असतं, आणि तेही घरच्यांकडूनच. मला हे मुळीच पटत नाही. का, ते एका रॉक बँडच्या दाखल्याने सांगतो.

द गो-बिट्वीन्स हा ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा बँड. रॉबर्ट फॉर्स्टर, ग्रँट मक्लेनन आणि ड्रमवर लिंडी मॉरिसन. १९८२ साली तिघं लंडनला आले. खिसे रिकामे, राहणं मित्रांच्या आसऱ्याने. दुसरा अल्बम 'बिफोर हॉलिवूड' त्यांनी इंग्लंडमधल्या ईस्टबोर्नला ध्वनिमुद्रित केला. तो १९८३ मध्ये आला.

त्यातलं 'कॅटल अँड केन' हे गाणं मक्लेननने लंडनमध्येच, निक केव्हच्या गिटारवर रचलं. विषय काय? क्वीन्सलंडमधलं त्याचं बालपण. उसाची शेतं, सुट्टीत घरी निघालेला शाळकरी मुलगा, लहानपणीच गेलेले वडील आणि त्यांचं हरवलेलं घड्याळ. "हाय रे माझा गाव" असा सूर कुठेही नाही. तालसुद्धा सरळ चारचा नाही. ऐकणाऱ्याला ठेका धरून डोळे टिपायची सोयच ठेवलेली नाही!

आता कुणी म्हणेल, मागे राहिलेल्याला पूर, दुष्काळ, म्हातारे आईवडील हे सगळं रोज निस्तरावं लागतं. लांबून लिहिणं सोपं. मान्य. आजच्या गावाबद्दल बोलायचा पहिला हक्क त्याचाच. पण मक्लेनन आजचा निवाडा देतच नाही. तो फक्त स्वतः पाहिलेलं सांगतो, आणि ते त्याच्याऐवजी दुसरं कोण सांगणार? राहणं म्हणजे आपोआप पाहणं नव्हे, तसं जाणं म्हणजे विसरणंही नव्हे.

गळेकाढू लिखाणाचा मलाही कंटाळा आहे. पण तो दोष लिखाणाचा, पासपोर्टचा नाही. गावात बसूनही माणसं तितकंच रडकं लिहितात.

ब्रिस्बेनने मात्र मनात आकस धरला नाही. मक्लेनन २००६ मध्ये गेला. २०१० साली तिथल्या नदीवर नवा पूल झाला, त्याचं नाव 'गो बिट्वीन ब्रिज'. एका शहराला जे जमलं, ते आपल्या काका-मामांना का जमू नये?

असो. पटलं नसेल तर भांडा, पण आधी ते गाणं ऐका.